पावसाचा आणि विहिरीचा काही संबंध नाही

दिवाळीचे फोव खायला भाचा म्हापशाहून आला आणि येताच माझी वही त्याच्या हाती लागली. कॉलेजात संख्याशास्त्र घेतलंय त्याने, त्यामुळे आकड्यांचा कागद दिसला की सोडवत नाही. सोप्यावर बसल्या बसल्या त्याने मोबाइलमध्ये दोन रकाने भरले, एक पावसाचा, एक विहिरीच्या पाण्याचा, आणि दोन मिनिटांत जाहीर केलं, "मामी, तुझ्या विहिरीचा आणि पावसाचा काहीच संबंध नाही. आर उणे ०.०४ आला."

सासूबाई, म्हणजे आमच्या आई, आत नारळ खवत होत्या. तिथूनच ओरडल्या, "मागीर बांयत उदक खंयच्यान येता? नळाचें?" मग विहिरीत पाणी येतं कुठून, नळाचं?

मी शाळेत गणित शिकवते. दहावीच्या मुलांकडून मध्य, मध्यक, बहुलक घोकून घेते. त्यामुळे भाच्याचं गणित तपासायला मला कागद-पेन्सिल पुरली. चूक सापडली नाही. आर म्हणजे सहसंबंध गुणांक, दोन रकाने एका सरळ रेषेत कितपत जुळतात ते उणे एक ते अधिक एक या मापात सांगणारा आकडा. तो गुणांक खरंच उणे ०.०४. म्हणजे शून्यच म्हणा.

आधी वहीबद्दल सांगते. पाऊस मोजायचं वेड सासऱ्यांचं. ते गेले, पर्जन्यमापक अंगणात उभा राहिला, आणि त्यातलं पाणी नुसतं ओतून द्यायला हात होईना म्हणून मी मोजू लागले. झाडापासून, घरापासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब ठेवावा असं म्हणतात. आमच्या फणसाची उंची बघता तो शेजारच्या वाड्यात न्यावा लागेल, तेव्हा कुंपणाच्या कोपऱ्यावर भागवलंय. वेधशाळा सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजते. साडेआठला मी वर्गात असते, म्हणून आमचं माप सातचं. सात ते साडेआठ कोसळलेला पाऊस माझ्या वहीत दुसऱ्या दिवशीच्या खात्यावर चढतो, त्यामुळे रोजचे आकडे इतर कुणाशी जुळवायला गेलं की भांडणं. पंधरा दिवसांची बेरीज केली की ही दीड तासाची खोट विरघळून जाते. म्हणून हिशेब पंधरवड्याचा.

विहीर दोरीने मोजते. टोकाला दगड, आणि हाताहातावर गाठ. हा हात सासऱ्यांचा, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण दीड फूट. दगड तळाला टेकला की दोरी वर ओढायची आणि भिजलेल्या गाठी मोजायच्या. उन्हाळ्यात हे सोपं. जुलैत दोरी घरातून विहिरीपर्यंत नेईस्तोवर सगळ्याच गाठी भिजतात! त्यावर उपाय म्हणून शाळेतला निळा खडू दोरीला चोळते आणि छत्रीखाली धरून ती सोडते. पाण्यात बुडाला तिथला खडू काळपट होतो, वरचा फिका राहतो. भाच्याला वाटलं होतं ‘हात’ हे माप घेतल्यामुळे हिशेब बिघडला असेल. तसं होत नाही. हातात मोजा, मीटरमध्ये मोजा, गुणांक तोच राहतो. त्याला एककाशी देणंघेणं नसतं.

तर हे ते दहा पंधरवडे. आधी त्या पंधरवड्यातला पाऊस मिलिमीटरमध्ये, मग शेवटच्या दिवशी विहिरीत किती हात पाणी:

जून पहिला: २१०, ३
जून दुसरा: ४८०, ५
जुलै पहिला: ६२०, १०
जुलै दुसरा: ५४०, १४
ऑगस्ट पहिला: ४३०, १५
ऑगस्ट दुसरा: २५०, १५
सप्टेंबर पहिला: १८०, १४
सप्टेंबर दुसरा: १३०, १३
ऑक्टोबर पहिला: ७०, १२
ऑक्टोबर दुसरा: ४०, १०

शाळेतला आलेखाचा कागद काढला. आडव्या अक्षावर पाऊस, उभ्यावर पाणी. दहा ठिपके दिले आणि कागद लांब धरून बघितला. ठिपके कुठल्याच रेषेत येत नव्हते, भाचा बरोबर होता. मग सहज, तारखेच्या क्रमाने पेन्सिल एका ठिपक्यावरून पुढच्यावर नेली. खाली डावीकडून निघाली, उजवीकडे गेली, वर चढली, वळली आणि वरच्या अंगाने पुन्हा डावीकडे परत आली. डावीकडे तोंड केलेली घोड्याची नाल. दहा सुटे ठिपके कुठल्याही क्रमाने मांडा, गुणांक तोच येतो. त्याला तारीख दिसत नाही. नाल दिसते ती तारखेमुळे.

आणि नाल दिसली की शून्याचं कोडं सुटतं. सरासरी पाऊस २९५, सरासरी पाणी ११.१ हात. गुणांक काय करतो, तर प्रत्येक ठिपका या दोन सरासऱ्यांपासून किती दूर आहे ते बघतो आणि ती दोन अंतरं गुणतो. जूनच्या अखेरीला पाऊस सरासरीपेक्षा १८५ ने जास्त, पाणी मात्र ६.१ ने कमी. गुणाकार उणे ११२८. जुलैअखेर पाऊसही जास्त, पाणीही जास्त, अधिक ७१०. सप्टेंबरात पाऊस ओसरलेला पण विहीर भरलेली, पुन्हा उणे. दहा गुणाकारांची बेरीज करत गेले तर अधिकाला उणे खात गेलं आणि शेवटी हाती जवळपास काही उरलं नाही. आकडा खोटं बोलत नव्हता. ‘पाऊस जास्त त्या पंधरवड्यात पाणी जास्त, असं एका सरळ रेषेत आहे का?’ एवढ्याच प्रश्नाचं तो उत्तर देत होता, आणि नाही हे उत्तर बरोबर होतं. जूनमध्ये २१० मिलिमीटरला तीन हात पाणी, ऑगस्टअखेर २५० ला पंधरा. जवळजवळ तेवढाच पाऊस, पाणी पाचपट.

भाचा हार मानणारा नाही. म्हणाला, मग जूनपासूनची बेरीज घेऊ. २१०, ६९०, १३१०, असं करत २९५० पर्यंत. गुणांक ०.८० आला. ऑगस्टच्या मध्यापर्यंतचेच पाच ठिपके घेतले तर ०.९९! पोरगं खुशीत. मला तो ०.९९ पटला नाही आणि अजून पटत नाही. बेरीज कधी खाली उतरत नाही. जून ते ऑगस्ट जे जे वाढत जातं त्या सगळ्याशी तिचा गुणांक भरघोसच येणार: परसातल्या भेंडीची उंची, चवथीच्या खरेदीची यादी, माझ्या टेबलावरच्या तपासायच्या वह्यांचा ढीग. दोन चढत्या गोष्टी शेजारी उभ्या केल्या की त्या नातेवाईक वाटू लागतात. त्यात ठिपके पाचच.

वाट दाखवली आईंनी, आणि त्यांना ते ठाऊकही नाही. मी दोरी घेऊन विहिरीवरून परत आले की त्या कधीही ‘पाणी किती’ असं विचारत नाहीत. इतकी वर्षं एकच प्रश्न: "चडलें काय देंवलें?" चढलं की उतरलं. त्या संध्याकाळीही, आम्ही दोघं आलेखावर वाकलेलो असताना, आत जाता जाता सवयीने तेच म्हणाल्या. मी पेन्सिल खाली ठेवली.

पाऊस ठरवतो ते पाणी किती चढलं हे. किती आहे हे एकटा पाऊस ठरवत नाही. त्यात मागच्या सगळ्या पंधरवड्यांचा वाटा असतो. मेअखेर विहिरीत दोन हात पाणी होतं. तिथून चढ-उताराचा नवा रकाना केला: १, २, ५, ४, १, ०, आणि मग उणे १, उणे १, उणे १, उणे २. पावसासमोर हे मांडलं. गुणांक ०.९५.

दोन्ही रकाने त्याच वहीतले, एक आकडा इकडचा तिकडे नाही. विचारायचा प्रश्न तेवढा बदलला.

भाच्याने मोबाइलवर रेषा काढली, मी कागदावर काळा दोरा ताणला; दोन्ही जवळपास एकाच जागी बसल्या. रेषेचं म्हणणं असं: साधारण ९५ मिलिमीटर पावसामागे विहीर एक हात चढते. पण ती शून्यातून निघत नाही. पाऊस शून्य असेल तर पंधरवड्याला सव्वादोन हातांहून थोडं जास्तच पाणी उतरेल, आणि २२० मिलिमीटर पडला तर पाणी आहे तिथे राहील. मला या सगळ्यातला हाच आकडा आवडला. आमची विहीर चिऱ्यातली आहे. जांभ्याला भोकं असतात, त्यातून पाणी येतं तसं जातंही, शिवाय पंप चालतो, कुळागराला, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेला, पाणी जातं. पंधरा दिवसांत २२० मिलिमीटर पाऊस नुसता विहीर जागेवर धरून ठेवायला लागतो, हे कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. ऑगस्टचा दुसरा पंधरवडा बघा: २५० पडला, विहीर हलली नाही.

आता तो जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्याचा ठिपका. ५४० मिलिमीटर, चढ चार हात. रेषेनुसार ५४० ला साडेतीनलाही थोडा कमीच चढ यायला हवा होता, त्यामुळे ठिपका दोऱ्याच्या वर लटकतोय. वहीत त्या पंधरवड्याच्या एका तारखेला पाऊस शून्य लिहिलाय आणि पुढे शेऱ्यात माझंच अक्षर: ‘पान अडकलं’. त्या रात्री मुसळधार पडला होता. सकाळी जाऊन बघते तर नरसाळ्याच्या भोकावर जांभळीचं पान असं चपखल बसलेलं, जणू कुणी मापाने कापून चिकटवलंय. बाटली कोरडी. पाणी नरसाळ्याच्या काठावरून बाहेर वाहून गेलं. शेजारणीचा हंडा पागोळ्यांखाली भरून वाहत होता, पण पागोळ्यांचा हंडा म्हणजे अख्ख्या छपराचं पाणी, त्यावरून मिलिमीटर कसे काढणार? शून्य लिहिलं, शेरा लिहिला, शाळेत गेले.

म्हणजे ५४० हा आकडा कमी आहे हे नक्की. खरा ठिपका आणखी उजवीकडे हवा. भाच्याने लगेच हिशेब केला: त्या रात्रीचे ६० मिलिमीटर धरले तर ६०० होतात आणि ठिपका बरोब्बर दोऱ्यावर बसतो. "घाल की साठ, मामी. पडलेच असतील." पडले असतीलही. अंदाजे तेवढा पाऊस होता खरा. पण ६० हा आकडा मला पावसाने सांगितलेला नाही, दोऱ्याने सांगितलाय. दोऱ्याला हवं तसं भरायचं आणि मग दोरा किती छान जुळतो म्हणून कौतुक करायचं, हे मुलांनी उत्तर मागून बघून गणित सोडवण्यासारखं झालं. वर्गात त्याला मी शून्य गुण देते. वहीत ५४० च ठेवलाय. आलेखावर त्या ठिपक्यातून उजवीकडे एक बारीक बाण काढलाय.

उलटा प्रकार जूनच्या एका आठवड्यात झाला. सात दिवसांचे आकडे चढत्या क्रमाने लिहिते: ०, २, ३, ८, १२, २१, १६४. बेरीज २१०, सरासरी दिवसाला ३० मिलिमीटर. ३० मिलिमीटरच्या आसपासचा दिवस त्या आठवड्यात एकही नव्हता. सातपैकी सहा दिवस सरासरीच्या खाली. मध्यक, म्हणजे मधोमधचा आकडा, ८. भाचा म्हणाला, १६४ हा आऊटलायर, बाकीच्यांपासून फटकून असलेला आकडा, काढून टाक. काढला तर उरलेल्यांची सरासरी ७.७ येते, आकडे गोड दिसतात. पण त्या तारखेचा शेरा आहे: ‘रात्रभर. ओढ्यावरचा साकव पाण्याखाली. शाळा बंद.’ ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे हवामान खात्याच्या भाषेत अतिमुसळधार, आणि गोव्याच्या जूनमध्ये असा दिवस उगवतोच. त्या आठवड्याचा तीनचतुर्थांशाहून जास्त पाऊस त्या एका रात्रीत आहे. तो काढला तर विहीर कशाने चढली याचं उत्तर द्यायला काही उरत नाही. गंमत म्हणजे त्या आठवड्याचं प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती विखुरलेत त्याचं माप, ५५ येतं. ३० वजा ५५. म्हणजे ‘सरासरीच्या एक विचलन खाली’ असा दिवस आला तर आभाळाने पंचवीस मिलिमीटर पाणी परत ओढून घ्यायला हवं. पावसासारख्या एकीकडे कललेल्या आकड्यांवर हे विचलन असं हास्यास्पद होतं. मुलांना पगाराची उदाहरणं देऊन मध्यक शिकवत आले, परसातलं उदाहरण कधी सुचलं नाही.

एक ठिपका शून्य आणि खोटा, एक १६४ आणि खरा. कागदावर दोन्ही सारखेच विचित्र. फरक शेऱ्याच्या रकान्यात होता.

भाच्याला मी त्या रात्री अँस्कोमचे चार संच करायला बसवलं. त्यांच्या कॉलेजात ते व्हायचे होते. फ्रान्सिस अँस्कोम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली अकरा-अकरा ठिपक्यांचे चार संच मुद्दाम असे बनवले की चारही ठिकाणी एका रकान्याची सरासरी ९, दुसऱ्याची ७.५, गुणांक ०.८१६, रेषाही तीच. कागदावर मांडले की एक साधा पसरलेला, दुसरा कमानीसारखा वाकलेला, तिसऱ्यात दहा जण शिस्तीत आणि एक उनाड, आणि चौथ्यात दहा ठिपके एकाच उभ्या रांगेत, फक्त एक दूर १९ वर. त्या एकट्याच्या जोरावर अख्खी रेषा उभी. तो ठिपका झाकला की रेषा काढायलाच काही राहत नाही. भाचा अंगठ्याने तो ठिपका झाकून-उघडून बघत बसला होता. दिवाळीच्या पहाटे नरकासुर जाळायला जायचं म्हणून उठवलं, तेव्हा कागद उशाशी.

आमच्या तालुक्यात विहिरीचं नाव काढलं की खाणीचा विषय निघतोच. हे वाचूनही कुणीतरी विचारेल. खाणीचा खड्डा कोरडा ठेवायला रात्रंदिवस पाणी उपसलं की आजूबाजूच्या विहिरी खाली जातात, हे डिचोलीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. खाणी २०१२ साली बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. त्या काळात कुणी खाणीजवळच्या आणि लांबच्या पंचवीस-तीस विहिरींत दोरी सोडली असती तर आज केवढा आलेख हातात असता. माझ्या एका विहिरीच्या एका पावसाळ्यातून त्याबद्दल एक अक्षर काढता येत नाही, आणि मी काढणारही नाही.

पण रेषा कुठे मोडते ते बघायची संधी आता आलीय. रेषा म्हणते पाऊस शून्य तर पंधरवड्याला सुमारे २.३ हात उतार. ऑक्टोबरअखेर दहा हात पाणी होतं. या हिशेबाने विहीर जानेवारी उजाडता उजाडता कोरडी पडायला हवी. ती पडत नाही. मी या घरात आल्यापासून एकदाही पडलेली नाही. मेअखेरीस दोन हात का होईना, असतं. पाणी वर असतं तेव्हा वरच्या भोकांतून भरभर जातं, खाली गेलं की जायच्या वाटाच कमी होतात, हा माझा तर्क. ऑगस्टमध्ये ४३० मिलिमीटर पडूनही एकच हात चढला, तोही त्यामुळेच असावा. जूनचे दोन ठिपके मात्र एकमेकांशी भांडतात, एक दोऱ्याच्या वर, एक खाली. गाठी हाताहातावर असल्यामुळे अर्धा हात इकडेतिकडे माझ्या मोजण्यातच जातो, त्यांच्या भांडणात मी न पडलेलं बरं. परवा दोरीला गाठींच्या मधोमध लाल दोरा बांधला.

भाचा जाताना वहीत लिहून गेलाय: ‘नोव्हेंबर ३०: ५.४ हात (रेषेप्रमाणे)’. खाली सही ठोकलीय.

आज सकाळी दोरी सोडली. खडूची गरज नव्हती, दोरी खडखडीत. साडेसात हात. वर येते तर आई पायरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता विचारलं, "देंवलें?"

"अडीच हात," मी म्हटलं.

"मग पंप सांजचेर लाय," त्या म्हणाल्या आणि सुपातला एक खडा टिपून अंगणात भिरकावला.